नुसतं 'सिंगल' का नाही म्हणाली?

नाही, तुम्हीच सांगा, मुलगा सिंगल असेल तर 'सिंगल' म्हणून मोकळं व्हावं की नाही? पण नाही! आमची मेहुणी माझ्या लेकीसाठी स्थळ घेऊन आली आणि म्हणते कशी, "भावजी, मुलगा टोटली सिंगल आहे हं!" टोटली? म्हणजे बाकीचे काय पाऊण सिंगल असतात? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतोय मी. शिक्के दोनच, पास आणि नापास. 'फारच पास' असा शिक्का नसतो हो! घरातसुद्धा शिडी, इस्त्री, छत्रीची मूठ... तपासून पासचा शिक्का मारल्याशिवाय मी काही वापरू देत नाही. आणि इथे तर पोटच्या पोरीचा प्रश्न! नुसतं 'सिंगल' का नाही म्हणाली?

बायको म्हणे, "अहो, बोलायची पद्धत असते एकेकाची." असते ना! 'हंड्रेड परसेंट वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेले बूट आठवतात? मोजे अजून वाळतायत! लेक तर आत पळाली. लाजली असेल, म्हटलं.

मग काय, गाठलं मुलाचं ऑफिस. वॉचमनला बाजूला घेतलं. तो इकडेतिकडे बघत, अगदी कानाशी, "साहेब, तुम्ही म्हणून सांगतो... दर बुधवारी एक मुलगी येते. समोरच्या कॅन्टीनमध्ये तास-तास बसतात दोघं. दोन वर्षं झाली!" घ्या! तरी मी म्हणत होतो, नुसतं 'सिंगल' का नाही म्हणाली!

बुधवारी कॅन्टीनच्या खांबाआड उभा राहिलो. दोघं पाठमोरी. मुलीच्या खुर्चीला छत्री अडकवलेली. दबकत पुढे गेलो, आता "सापडलास!" म्हणून ओरडणार, तोच नजर छत्रीच्या मुठीवर... पास! माझा शिक्का! छत्री माझी, आणि छत्रीवालीही माझीच!

"बाबा, मावशीला मीच पाठवलं होतं," लेकीचे डोळे भरलेले, "तुम्ही प्रत्येकात खोट काढता म्हणून..." संशय खरा निघाला, मुलगा सिंगल नव्हताच... पण नापासचा शिक्का मारू कुणावर?

घरी आलो तर बायको दारातच. "मग? होकार ना?"

म्हटलं, "अगदी, एकदम, शंभर टक्के होकार!"

तिने चष्मा वर केला. "नुसतं 'हो' का नाही म्हणालात?"

काय सांगू तिला? पोरगी जाणार... नुसतं 'हो' तोंडातून निघेचना!