कायमची रेघ म्हणे!

...नाही, पण मला एक सांगा, कायमची म्हणजे काय हो? गवतावर? अहो, गवत स्वतः कायमचं नाही, आज कापलं की परवा परत डोकं वर काढतंय! आणि हा टायवाला, मैदानात रेघेची प्लास्टिकची पट्टी बसवणाऱ्या कंपनीचा विक्रेता, माझ्याच मैदानात माझ्याच गोलपोस्टला टेकून मला सांगतो, "काका, एकदा बसवली की बसवली! परत रेघ मारायलाच नको!" आणि हसतो. कारण नसताना हसतो! मला तेव्हाच संशय आला होता!

तुम्हाला सांगतो, मी क्लबच्या फुटबॉल मैदानाचा माणूस. दर शनिवारी फक्कीची गाडी ढकलत निघायचं, मागे पांढरी रेघ पडत जाते. पाऊस आला, गेली रेघ. गवत कापलं, गेली. कोणी घसरला, अर्धी रेघ त्याच्या चड्डीला. पुढच्या शनिवारी परत मी आहेच! क्लबात मला ओळखतात ते कशावरून? रेघेवरून! आता रेघच जायची नाही म्हटल्यावर जाणार कोण? मीच की!

तर त्यानं बॅगेतून नमुना काढला. पांढऱ्या प्लास्टिकची पाती, दात घासायच्या ब्रशसारखी उभी. म्हणे जमीन चिरायची, पट्टी आत रोवायची, पात्यांमधून खरं गवत उगवतं, वरून कापायचं मशीन फिरवा, खेळाडू लोळू देत, "काही म्हणता काही होत नाही!" आता ज्या वस्तूला काहीच होत नाही, तिच्यात काहीतरी असणारच ना? मी वास घेतला. वास नाही. जरा चावून पाहिली... हसू नका, चावली... चव नाही! मला तेव्हाच संशय आला होता!

पण आमचे सेक्रेटरी! नवी वस्तू दिसली की आधी हो म्हणतात, मग विचारतात काय आहे. "वा वा! म्हणजे काकांचा शनिवार मोकळा!" मोकळा! ऐकलंत? माणसाला घालवायचं असलं की आधी त्याचा शनिवार मोकळा करतात, मग सोमवार, मग निरोपाचं भाषण! घरी बायकोला सांगितलं तर भाजी निवडता निवडता तिचा हातच थांबला. "अगंबाई, म्हणजे शनिवारी तुम्ही घरी?" काळजी होती हो आवाजात... माझी नव्हे.

आणि बसवायच्या दिवशी काय व्हावं? टायवाला गोड आवाजात म्हणतो, "काका, आधी तुम्ही फक्कीनं आखून द्या, आमचं मशीन बरोबर त्याच रेघेवरून जाईल." मीच का? एवढी मोठी कंपनी, आणि आखायला मी? उद्या काही बिनसलं की बोट दाखवायला माणूस तयार! वर मला दोरी देतो. त्यांची दोरी! ताणली गेली तर? मी म्हटलं, "ठेवा तुमच्याकडे." माझी दोरी, म्हणाल तर, मी आदल्या दिवशीच घरी नेऊन लपवली होती... माझी मापं चोरली म्हणजे? मग काय, निघालो नुसत्या नजरेवर!

नजरेवर रेघ मारायची तर नजर कुठे हवी? समोर, कोपऱ्यातल्या झेंड्यावर! पण ठेवू कशी? मागे टायवाला सेक्रेटरींच्या कानाला लागलेला! दोघं कुजबुजतायत, माझ्याकडे बोट दाखवतायत, मान डोलवतायत... मी दोन पावलं टाकली की मागे बघतो, परत दोन पावलं, परत मागे. मान मागे, गाडी पुढे, आणि माझ्या मागोमाग त्यांचं मशीन घर्रर्र करत जमीन चिरतंय, पट्टी रोवतंय, चिरतंय, रोवतंय...

काम झालं. सेक्रेटरी कौतुकानं गॅलरीत चढले. वरून पाहिलं, आणि कठड्यावरून पुढे वाकले. मग हळूच, "काका... ही बाजूची रेघ मधेच पोट काढून कुठे निघालीय?"

टायवाला छाती काढून म्हणतो, "साहेब, आमचं मशीन रेघ सोडत नाही!"

"पण आता ही काढायची कशी?"

"काढायची?" तुम्हाला सांगतो, पहिल्यांदाच तो माणूस हसला नाही. "साहेब, अहो, कायमची आहे ती."

मी उसळलोच! म्हटलं, माझ्या मागे कट शिजवत होतात, माझं लक्ष राहील कसं? काय कुजबुजत होतात सांगा, आत्ता सांगा! तर सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणतात, "काका, मी त्याला सांगत होतो, या माणसाइतकी सरळ रेघ कोणी मारत नाही. कायमची करायची तर यांच्याच हातची व्हावी..."

इतक्या वर्षांत माझं कोणी एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि केलं तेव्हा मी मान वळवून संशय घेत होतो!

नोकरी? नाही गेली. जाईल कशी? आता शनिवारी आधी गुडघ्यावर बसून त्या वाकड्या रेघेला हिरवा रंग फासायचा, पातं न् पातं, आणि मग शेजारून फक्कीनं सरळ मारायची. पूर्वी नुसती मारायचो, आता एक मारतो, एक लपवतो. आणि एवढं करून हिरवा रंग चार दिवस टिकत नाही. पांढरी मात्र आहे तश्शी वर येते, लख्ख, पोट काढून, सगळ्या गावाला दिसेल अशी! गवत कापायचं मशीन फिरवलं, पाणी मारलं, बुटानं घासली, फावड्यानं खरवडली...

काही म्हणा, माल चोख आहे हो त्यांचा.