कांद्याच्या गोणीतलं मशीन

तो रोबो घेतला आणि पस्तावलो, कसा ते ऐका. फरशी पुसता पुसता तो घरात हरवलेल्या वस्तूही शोधतो. फोन, घड्याळ, काहीही. आमच्याकडे हरवायचं ते बाबांचं कानाचं मशीन, तेही नेमकं जेवायच्या वेळी. बाबा सटाण्याहून इथे नाशिकला आमच्याकडे राहायला आल्यापासून रोज हेच. मशीन मोबाइलला जोडलेलं होतंच, मी ते रोबोलाही जोडलं आणि ऐटीत म्हटलं, "बाबांचं मशीन शोध."

गडी निघाला तो थेट गॅलरीत. गावाकडून आलेल्या कांद्याच्या गोणीपाशी थांबला आणि पीं पीं करायला लागला. मी गोणीत हात घातला, तर वरच्याच कांद्यांखाली मशीन, रुमालात नीट गुंडाळलेलं.

"बाबा, हे इथे कसं?" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"मीच ठेवतो," बाबा म्हणाले. "जेवायला बसलं की तुमचं दोघांचं चालू होतं, बापाला कोण बघणार म्हणून. घास नाय उतरत मग."

तव्यावरची पोळी करपली, तरी बायको जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी रोबोमधून ते मशीन काढूनच टाकलं. "बाबा, आता तो नाही शोधणार. खुशाल ठेवा गोणीत."

"आता कशाला?" मशीन त्यांच्या कानातच होतं. "आता तुम्ही माझ्यासमोर बोलतच नाय."