पायाकडची बाजू

मीनाक्षी : चांदी आहे. चांदी टूथपेस्टनेच घासतात. मग काय डिशवॉशरला लावू?

सौमित्र : आई, जुनं नाणं घासत नाहीत! जगात कुणी घासत नाही! दीड वर्ष मी तो मेटल डिटेक्टर घेऊन बॅकयार्डमध्ये फिरतोय. आजवर काय मिळालं? बिअरच्या कॅनची झाकणं.

सावनी : आणि स्प्रिंकलरचा पाइप.

सौमित्र : तो मिळाला नाही, फुटला. आज पहिल्यांदा चांदीचा आवाज आला. उंच, स्वच्छ. लाल मातीच्या ढेकळातून नाण्याची कड दिसली, ते सिंकमध्ये ठेवलं आणि भिंग आणायला वर गेलो. बस, इतकंच केलं मी, यार.

मीनाक्षी : सिंकमध्ये चिखल होता, मी घासला. आत लक्ष्मी निघाली. तुझ्या यंत्राने ढेकूळ काढलं, माझ्या ब्रशने देवी काढली.

सौमित्र : लक्ष्मी नाही, लिबर्टी. स्वातंत्र्यदेवता.

मीनाक्षी : बसलीये ना? मग लक्ष्मीच. स्वातंत्र्यदेवता उभी असते, न्यूयॉर्कला बोटीतून दाखवलीस की तूच.

सौमित्र : दे इकडे. डाइम आहे, दहा सेंटचं नाणं. अठराशे पन्नास... शेवटचा आकडा गेलाय. थांबा, थांबा. तारखेच्या दोन्ही बाजूंना बाण आहेत! टोकं दिसताहेत!

सावनी : बाणाचं काय?

सौमित्र : नाण्यातली चांदी कमी केली, तेव्हा ओळखू यावं म्हणून बाण कोरले. म्हणजे त्रेपन्न, चौपन्न किंवा पंचावन्न. सावनी, हे सिव्हिल वॉरच्या आधीचं आहे! इथे, अल्फारेटात, आपल्या झोपाळ्याखाली! ...आई, हे भोक?

मीनाक्षी : कुठलं?

सौमित्र : वर, काठाशी. आरपार. तू पाडलंस?

मीनाक्षी : टूथपेस्टने?

सावनी : मातीने बुजलं असेल, घासल्यावर उघडं पडलं.

सौमित्र : संपलं. भोकाचं नाणं संग्राहकांच्या फोरमवर टाकलं की लोक सांत्वन करतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात.

मीनाक्षी : सौमित्र, सावनीला सांग, असं भोक कशासाठी पाडतात ते मला माहीत आहे म्हणावं.

सावनी : मी इथेच उभी आहे, आई.

मीनाक्षी : तिला सांग, अनिकाच्या पायातला काळा दोरा कात्रीने कापलास, त्यातल्या नाण्यालाही असंच भोक आहे म्हणावं.

सावनी : डेकेअरचा नियम आहे. दहा महिन्यांचं बाळ, दोरा गळ्याशी गेला तर?

मीनाक्षी : नियमाचं मी काही म्हणत नाही. 'असलं इथे चालत नाही' म्हणाली ती. असलं. मी परवा पुण्याला जातेच आहे, मग तुमचं तुम्ही बघा म्हणावं.

सौमित्र : आई, हे अमेरिकन नाणं आहे. त्याचा काळ्या दोऱ्याशी काय संबंध? कुणी खिळ्याला टांगलं असेल.

सावनी : एक मिनिट. हे ऐका.

सौमित्र : फोनवर काय बघतेस?

सावनी : इथे दक्षिणेत शेतांवर राबणाऱ्या गुलामांबद्दल आहे. डाइमला भोक पाडायचे, दोऱ्यात ओवायचे आणि घोट्याला बांधायचे. वाईट काही जवळ येऊ नये म्हणून. मुलांना दात येताना गळ्यात. त्यांच्या झोपड्या होत्या तिथे खणलं की अशी नाणी सापडतात.

सौमित्र : पण आपल्या इथे कुठे...

सावनी : कॉलनीच्या पाटीवर 'प्लँटेशन' लिहिलंय, सौमित्र. गुलामांची शेतं, ती हीच.

सौमित्र : मला वाटलं, झाडं लावलीत म्हणून.

(आतल्या खोलीत अनिका झोपेत कुरकुरते.)

मीनाक्षी : दे बघू. हे बघ, देवीचं तोंड पार गुळगुळीत झालंय. आणि मागे बघ, वेलीचं पान न् पान शाबूत आहे. तोंड पायाकडे करून बांधलं होतं.

सौमित्र : दीडशे वर्षांहून जास्त जमिनीत होतं, आई. झिजणारच.

मीनाक्षी : माती काय एकच बाजू खाते? ही अंगावर झिजलीये. आमच्याकडेही असंच बांधतात, देवी आतल्या बाजूला. म्हणजे तिचं लक्ष बाळाकडे. अनिकाचं मी तसंच बांधलं होतं.

सौमित्र : भोकही वरच्या बाजूला लांबट झालंय. दोऱ्याने ओढून ओढून. भिंगातून बघ, सावनी... आणि मी म्हणत होतो, नाणं वाया गेलं.

सावनी : दोरा तुटला असेल, आई? की कुणी कापला असेल?

मीनाक्षी : कुणास ठाऊक. त्यांच्यावरही कुणाचे तरी नियम असतीलच.

सावनी : अनिकाचं नाणं मी टाकलेलं नाही. माझ्या पर्समध्ये आहे, आतल्या कप्प्यात. संध्याकाळी घरी आली की बांधत जाऊ, आपण समोर असताना. झोपवताना काढायचं. फक्त ओढलं की सुटेल असं बक्कल लावते.

मीनाक्षी : मला दाखव कसं लावायचं. गाठ तुझी सैल असते.

सौमित्र : आणि ह्या नाण्याचं? इथल्या इतिहासवाल्या लोकांना कळवतो. तोवर खड्डा बुजवतो, नाहीतर लॉनबद्दल कॉलनीच्या एचओए कमिटीचं तिसरं पत्र येईल.

मीनाक्षी : बुजव. पण ते यंत्र तिथे पुन्हा फिरवू नकोस. कुणाचं तरी घर होतं ते... सावनी?

सावनी : काय, आई?

मीनाक्षी : हे ज्याच्या पायात होतं, ते बाळ मोठं झालं असेल ना गं?

सावनी : किती वर्षं अंगावर झिजलंय बघा ना, आई.