पहिल्या गाडीतला पाहुणा

जबाब, दि. १३/०४/२०२५

मी भीमा मारुती दहिफळे, वय ४९ वर्षे, धंदा शेती, शिक्षण सातवी, रा. मौजे खडकदरा, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर. मला बसता येत नसल्याने उभा राहून, समक्ष सांगतो ते असे.

दि. ०७/०४/२०२५ रोजी सकाळी मी भैरवनाथाला पाणी घातले, देवापुढचा नारळ घेतला आणि सातच्या एसटीने नगरला गेलो. तेथे अमृत वाबळे यांचे ‘मणका आधार केंद्र’ आहे. मी त्यांच्या हातात नारळ-सुपारी दिली आणि चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत बारा गाड्यांतल्या पहिल्या गाडीत बसण्याचे आमंत्रण दिले. ते म्हणाले, “भीमाभाऊ, मला वाटलं तुम्ही रागावलात.” मी म्हणालो, “देवाच्या कामात राग कसला?” त्यांनी मला चहा पाजला. मी प्यालो.

सदर वाबळे हे डॉक्टर नाहीत. त्यांच्याकडे मणक्याला ताण देण्याचे यंत्र आहे. पलंगाचे दोन भाग असतात. छातीला व कमरेला पट्टे आवळतात, मग खालचा भाग मागे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. एक बैठक अठ्ठावीस मिनिटांची. त्याने मणक्यांमधली सरकलेली गादी ऑपरेशनशिवाय जागेवर जाते, असे ते सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये माझी कंबर धरली तेव्हा मी वीस बैठका घेतल्या. मला गुण आला हे खरे आहे. कशाने आला ते मी सांगू शकत नाही. त्या दोन महिन्यांत मी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नव्हती.

आमच्या जत्रेत बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे बसतात आणि मानकरी, म्हणजे नाथाचा भगत, एकटा त्या ओढतो. हा मान आमच्या घरात आहे. एप्रिल २०२४ मध्ये मी गाड्या ओढत असताना वाबळे यांनी व्हिडिओ काढला. नंतर केंद्रात उभे करून मला बोलायला लावले. मी बोललो, “ऑपरेशन न करता बरा झालो, आता बारा गाड्या ओढतो.” तो व्हिडिओ पुष्कळ गावांत गेला.

माझा धाकटा भाऊ बन्सी, वय ४१, ऊसतोड मजूर. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना त्याच्या कमरेत चमक भरली. नगरच्या सरकारी डॉक्टरांनी एमआरआय पाहून ऑपरेशन सांगितले. बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी या, थांबू नका, असेही सांगितले. बन्सी ऑपरेशनला तयार होता. मी त्याला वाबळे यांच्याकडे नेले.

दि. ०९/१२/२०२४ रोजी सातव्या बैठकीनंतर बन्सी मला म्हणाला, “दादा, बुडाखाली काईच कळंना. दुसऱ्याच्याच अंगावर बसल्यावानी वाटतंय.” मी त्याला वाबळे यांच्यापुढे तेच सांगायला लावले. वाबळे म्हणाले, “नस मोकळी होतेय. अजून चार बैठका.” बन्सीने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ते सांगत्यात तसं कर. मला गुण आला न्हाई व्हय?”

चार बैठका झाल्या. पाचव्या दिवशी लघवी बंद झाली. ऑपरेशन झाले, पण डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. आज त्याला नळी व पिशवी आहे. डावे पाऊल उचलत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्याची बायको छबूबाई एकटीच गेली, तेव्हा अर्धा कोयता चालत नाही म्हणून मुकादमाने तिला परत पाठवले.

जानेवारीत मी या ठाण्यात आलो होतो. साहेबांनी सगळे ऐकून घेतले व मोबाईलवर माझाच व्हिडिओ दाखवला. म्हणाले, “हे तुम्हीच ना? त्यांचा वकील कोर्टात हाच लावेल.” माझ्याकडे उत्तर होते, पण ते माझ्या एकट्याचे नव्हते. म्हणून मी घरी गेलो.

ते उत्तर असे. गाड्या मानकरी ओढत नाही. दोन-अडीचशे माणसे मागून आणि बाजूने ढकलतात. मानकरी जू धरून पुढे पळतो. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोणी बोलत नाही. ढकलणारे हात नाथाचे, असे आम्ही धरून चालतो. माझे वडील मरेपर्यंत बोलले नाहीत. मी तीन महिने रोज देवापुढे बसलो. कौल लावला नाही. लावला असता तर त्याने नको म्हटले असते.

काल दि. १२/०४/२०२५ रोजी सायंकाळी पाच वाजता वाबळे आले. त्यांना फेटा मी स्वतः बांधला व पहिल्या गाडीत बसवले. त्यांच्या शेजारी, मांडीवर शाल टाकून, बन्सी बसला होता. बन्सीने नमस्कार केला, त्यांनीही केला. त्यांनी बन्सीला ओळखले नाही. अकरा वेळा त्यांनी त्याचे पट्टे आवळले होते.

मी जुवाला हात लावला आणि लोकांना म्हणालो, “आज गाड्यास्नी कुनी हात लावायचा न्हाई. नाथाची आन हाय.” आधी हसले. आमच्या शेजारच्या रंगुबाई ओरडल्या, “आरं भीम्या, खुळा झाला का काय?” पण आण घातलेली होती. एकेक करून सगळ्यांनी हात काढले.

मी तीन वेळा ओढले. गाड्या बोटभरही हलल्या नाहीत. कोणीतरी म्हणाले, “साहेब, भगताला परत मशीनवर टाका!” लोक हसले. वाबळे वरून म्हणाले, “भीमाभाऊ, जोर लावा, पब्लिक बघतंय!” मी खोटा जोर लावला नव्हता. तिसऱ्या वेळी माझ्या कमरेत दोर तुटावा तसे झाले व उजवा पाय पेटला.

मग मी लाऊडस्पीकरवाल्या मेहताबकडून माईक घेतला. म्हणालो, “गाड्या म्या कधीच वढल्या न्हाईत. तुमी ढकलता. ह्या मानसानं माझ्या खोट्यावर आजारी मानसं गोळा केली. माझा भाऊ बधिर झालं म्हनून सांगत हुता, तरी ह्यानं त्याला चार वेळा झोपवलं. त्याला घिऊन जानारा मीच.”

वाबळे उतरू लागले. बन्सीने त्यांचे मनगट धरले व म्हणाला, “बसा की साहेब. अजून चार बैठका.” तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिले.

त्यांना कोणीही मारले नाही. कोणी अंगाला हात लावू नये हे मी बजावले होते. मला ते फेटा बांधून बसलेले सगळ्यांना दिसायला हवे होते. अठ्ठावीस मिनिटे झाल्यावर मी बन्सीला हात सोडायला सांगितले. मला त्यांचे वाईट वाटले नाही. अजूनही वाटत नाही.

मेहताबने काढलेला व्हिडिओ सोबत दिला आहे. माझी वाबळे यांच्याविरुद्ध तक्रार आहे. त्यांच्या नावाखाली माझेही नाव घ्यावे. जू मी देवळात ठेवून, मान गुरवाकडे सोपवून आलो आहे. आमच्या घरातले कोणी ते आता धरणार नाही.

हे सर्व हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले. अठ्ठावीस मिनिटांचे वाक्य तुमच्याच अंगावर येईल, गाळायचे का, असे विचारले. मी नको म्हणालो. मी सांगितले तेवढेच आणि तसेच उतरले आहे. सही उभ्याने केली.