आठवीची मतपेटी आणि भांडारखोलीचे दार

मी, शाळेचा मुख्याध्यापक, वय ५६, धंदा नोकरी, राहणार शाळेमागील गल्लीत, खाली बहीण, वर मी, जेवण बहिणीकडे. ठाण्यात समक्ष येऊन विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या बाईंनी निवडणूक पुस्तकातून न शिकवता प्रत्यक्ष घेऊन शिकवायचे ठरवले. आठवीच्या मुलांनी मतदारयादी, शाई, मतपत्रिका आणि पुठ्ठ्याची मतपेटी तयार केली. प्रतिनिधीपदासाठी उमेदवार दोन. एक माझा भाचा. त्याचे भाषण मी लिहून दिले होते, सात पानी. दुसरी, आवाज बारीक म्हणून जिला सगळे 'चिमणी' म्हणतात ती मुलगी. तिचे भाषण एका वाक्याचे होते: "मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी बसवून घेईन." ही मागणी माझ्याकडे तीन वर्षे विचाराधीन आहे.

आज सकाळी ११ वाजता मतदान सुरू झाले. ११.२० वाजता मीही रांगेत उभा राहिलो. मतदान अधिकारी असलेल्या मुलीला मुले 'शिक्का' म्हणतात. ती म्हणाली, "सर, तुमचं नाव यादीत नाही."

मी म्हणालो, "अगं, मी मुख्याध्यापक आहे."

"हो सर. पण आठवीत नाही ना."

रांगेतील मुले हसली. कोण हसले ते सांगता येणार नाही. बरेच होते.

मतदान १२ वाजता संपले. बाई हाताची शाई धुवायला गेल्या. मतपेटी सुरक्षित राहावी म्हणून मी ती उचलून माझ्या खोलीला लागून असलेल्या भांडारखोलीत नेली व दार लोटले. दाराच्या वरच्या भागाला जाळी आहे, हे त्या वेळी लक्षात आले नाही. मी झाकण नीट चिकटले आहे का ते पाहत असताना झाकण हातात आले. इतक्यात बाहेरून कडी लागल्याचा आवाज झाला.

मी दार ठोठावले. 'शिक्का' म्हणाली, "सर, पेटीपासून लांब उभे राहा. पंचनामा चाललाय." 'चिमणी' म्हणाली, "बघा सर, कडी असली की किती बरं पडतं."

१२.१५ वाजता मी ठाण्याला फोन करून मुलांनी मला डांबून ठेवल्याचे कळवले. हवालदार आले. त्यांनी आधी मुलांचा पंचनामा वाचला. अक्षर चांगले आहे असे ते म्हणाले. मग कडी काढली. पंच म्हणून दोन सह्या होत्या. पहिली माझ्या भाच्याची.

माझ्या खिशात बारा कोऱ्या मतपत्रिका मिळाल्या. त्या तिथे कशा, असे बाईंनी विचारले. शाळेतील सर्व कागद माझ्या ताब्यात असतात, असे मी उत्तर दिले. भाचा म्हणाला, "मामा, आता मला पडलेली मतं खरी आहेत हे कोण मानेल?"

त्यावर मी सांगितले की झाकण मी ओढून काढले. त्याच्या नावाच्या बारा चिठ्ठ्या टाकणार होतो. एकही टाकली नाही. वेळ मिळाला नाही. बहिणीला शब्द दिला होता.

मोजणी हवालदारांसमोर झाली. यादीवर सह्या एकसष्ट, पेटीत मतपत्रिका एकसष्ट, प्रत्येकीवर 'शिक्का'ची सही. चिमणी अडतीस, भाचा बावीस. एकीवर माझे चित्र होते, ती बाद. भाचा खाली बघत उभा होता. चिमणी त्याला म्हणाली, "तुझी बावीस खरी आहेत रे. मी एकेक मोजलंय." तेव्हा त्याने मान वर केली.

दरम्यान बहिणीचे चार फोन आले. मी घेतले नाहीत.

माझी मुलांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. फोन रागाच्या भरात केला होता. बाईंनी या जबाबाची एक प्रत मागितली आहे. पुढच्या आठवड्यात 'पोलीस ठाण्याचे कामकाज' शिकवायचे आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रत देण्यास माझी हरकत नाही. वर्गात ती मीच वाचून दाखवीन.

लिहिलेला मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्यांना थांबून पाणी प्यावे लागले. मी बोललो तसाच तो उतरला आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करतो.