मागच्या चाकाची हवा

(पूर्णा नदीचं आटलेलं पात्र, भर दुपार. रेतीच्या उंच ढिगाऱ्याच्या पलीकडच्या उतारावर मोटारसायकल आडवी पडली आहे. तिच्या मागच्या चाकाखाली अनुपमाचा पाय. उतार संपतो तिथं पाण्यानं भरलेला खड्डा. मलिहा नुकतीच रांगत माथ्यावर परत आली आहे.)

अनुपमा: उकरू नको म्हटलं होतं ना तुले! पुन्हा सरकली गाडी, माय वं!

मलिहा: नाही उकरत. वर आली मी, पाह्य. किती सरकली?

अनुपमा: वीतभर. माह्यासकट. मघाशी पाणी दूर होतं, आता त्याचा वास येऊन राह्यला.

मलिहा: तिकडे पाहूच नको. माह्याकडे पाह्य.

अनुपमा: तू वर काऊन पळाली?

मलिहा: पळाली नाही. माह्या वजनानं रेती खाली चालली होती.

अनुपमा: पळाली. माहा हात सोडला अन् पळाली.

मलिहा: हाव. पळाली. भेव वाटलं मले.

अनुपमा: मले वाटून नाही राह्यलं का?

मलिहा: माफ कर ना. पुष्पांजली येतेच आता. दुसरी गाडी घेऊन वडनेरले गेली ती. दोर आणते, चार माणसं आणते.

अनुपमा: किती वेळ झाला तिले?

मलिहा: दहा मिनिटं.

अनुपमा: मघाशीबी दहाच म्हटलं होतं तू.

मलिहा: फोनले रेंज नाही त मी काय करू? रोडपर्यंत जाऊन पाहू का?

अनुपमा: नाही! जाऊ नको. मलिहा, तुह्या पाया पडते, मले इथं एकटीले सोडून जाऊ नको.

मलिहा: नाही जात. कसम. हेल्मेट काढून ठेव, गरम होत असंल.

अनुपमा: राहू दे. डोक्याले तेवढंच बरं वाटते. हे सगळं पुष्पांजलीचं. राजस्थानात कायले जावं लागते, आपल्या पूर्णेत रेतीचे ढिगारे काय कमी हायेत, म्हणे.

मलिहा: अन् तू लगेच तयार. आजवर डांबरी रोड सोडून गाडी घातली होती का कुठं?

अनुपमा: मोबाईलवर पाह्यलं होतं ना सगळं! रेतीत जायच्या आधी चाकातली हवा कमी करा, असं त्याच्यातच सांगितलं होतं. सकाळी तुमच्या दुकानावर मी तुले म्हटलं का नाही?

मलिहा: म्हटलं.

अनुपमा: मंग?

मलिहा: मी हासली. चिखलीत चाळीस वर्षं झाले अब्बा पंक्चर काढून राह्यले, त्यांच्या दुकानावरून कमी हवेची गाडी कधी कोणाले जाऊ देल्ली नाही. मी म्हटलं, मोबाईलवाल्याले काय समजते? टणक भरून देल्ली तुले. अब्बाचीच गाडी, अब्बाच्याच पंपानं. म्हणून रुतली ती. माह्यानं झालं हे, अनुपमा.

अनुपमा: आता रडू नको. तू रडली त मी कोणाकडे पाहू?

शेषराव: ए पोरीहो! तथी काय करून राह्यल्या? तो ढिगारा कच्चा हाय!

मलिहा: काका! ओ काका! इकडे या ना! गाडीखाली पाय अडकला हिचा!

शेषराव: अरे देवा! मधात खड्डा हाय ना बाई. मले वळसा घालून या लागते. शेषराव म्हणतात मले, ही इकडची टरबुजाची वाडी माहीच हाय. झोपडीतली बाज घेऊन येतो. बाज टाकली का रेती दबत नाही.

अनुपमा: काका, खड्डा किती खोल हाय?

शेषराव: खड्डा ना? छातीएवढा असंल. चोरून रेती नेणाऱ्याईनं मशीननं खोदला.

अनुपमा: मले पोहता येत नाही.

शेषराव: छातीएवढ्या पाण्यात पोहा कायले लागते? चूपचाप पडून राह्य. अन् तू वं, वरची! उभी नको राहू. माथ्यावर उभं राह्यलं का ढिगारा फुटते. पोटावर झोप, हातपाय पसर.

मलिहा: झोपली काका! लवकर या!

शेषराव: निंगालोच!

अनुपमा: गेला तो. मलिहा, माह्या कानापाशी रेती वाजून राह्यली. बारीक, सर सर... माय वं! सरकली! सरकली!

मलिहा: अनुपमा!

अनुपमा: हँडल पाण्यात गेलं. मलिहा, हँडल गेलं पाण्यात!

मलिहा: तू कुठं हायेस? दिसत नाही मले!

अनुपमा: इथंच हाव. चाकाले धरून हाव. मले मरायचं नाही वं. माह्या आईले सांगजो, मी नांदुऱ्याले लग्नाले जातो म्हणून खोटं सांगून आली...

मलिहा: चूप! तुह्या आईले तूच सांगशील. पाय कसा अडकला ते सांग मले. मोडला का?

अनुपमा: नाही. बोटं हालतात. घोट्यावर टायर बसलं. दगडावाणी हाय, जराही दबत नाही.

मलिहा: काय म्हटलं?

अनुपमा: दबत नाही म्हटलं! तूच भरली ना टणक!

मलिहा: हवा. या अल्ला, हवा! अनुपमा, हवा सोडली त टायर बसते. दोन बोटं जागा झाली तरी पाय निघते तुहा.

अनुपमा: मंग सोड ना!

मलिहा: हवा भरायचा वॉल कुठं हाय? तुहा हात पोचते का?

अनुपमा: नाही पोचत. पलीकडच्या बाजूनं हाय.

मलिहा: म्हणजे मलेच खाली या लागते.

अनुपमा: हाव.

मलिहा: येतो.

अनुपमा: येऊन राह्यली का?

मलिहा: अंग हालत नाही, अनुपमा. खरं सांगतो. हात पुढं टाकायचा म्हणतो, टाकताच येत नाही.

अनुपमा: मलिहा, आयक. नंतर जलमभर पळ, मी कधी काही म्हणणार नाही. पण आत्ता ये.

मलिहा: तू बोलत राह्य. थांबू नको.

अनुपमा: काय बोलू?

मलिहा: कायबी. खामगावात किती कचोऱ्या खाल्ल्या ते सांग.

अनुपमा: तीन.

मलिहा: चार.

अनुपमा: तीनच होत्या. चवथी पुष्पांजलीनं घेतली. तू... तू चहा सांडला होता स्कार्फवर. मंग त्या हॉटेलवाल्यानं... मलिहा, रेती येऊन राह्यली तोंडावर!

मलिहा: माह्या हातानं येऊन राह्यली. डोळे मिट. हा घे, हात लागला का तुह्या खांद्याले?

अनुपमा: लागला. लागला वं.

मलिहा: वॉल भेटला. टोपण काढतो.

अनुपमा: लवकर कर!

मलिहा: पिन दाबाले काही पाह्यजे. गाडीची चाबी...

अनुपमा: चाबी पाण्यात हाय!

मलिहा: स्कार्फची पिन हाय माही. थांब. या अल्ला, या अल्ला... घे!

अनुपमा: आवाज आला! सूं करून आला!

मलिहा: पाय ओढ.

अनुपमा: नाही निघत!

मलिहा: पुरी बसू दे. अजून दाबतो. ओढ आता!

अनुपमा: बूट अडकला.

मलिहा: बुटाले मार गोळी! पाय काढ बुटातून!

अनुपमा: गाडी चालली, मलिहा, गाडी चालली!

मलिहा: पाय काढ!

अनुपमा: निघाला! निघाला!

मलिहा: माहा कुर्ता धर. उठू नको, पोटावरच. पाय मार, वर चाल. मागं पाहू नको म्हटलं ना!

शेषराव: या, या, बाजेचा पाया धरा दोघी! जोर लावू नका, मी ओढतो. हां. आल्या. आता पडून राहा इथंच, दम घ्या. पाय दाखव बाई. सुजला, पण साबूत हाय.

अनुपमा: पाणी हाय का काका?

शेषराव: हे घे. घोटघोट पी.

अनुपमा: मलिहा, गाडी कुठं हाय?

मलिहा: गेली. नुसते बुडबुडे दिसून राह्यले.

अनुपमा: काका, तुमी त छातीएवढं पाणी म्हटलं होतं. गाडीचा आरसाबी दिसत नाही वर.

शेषराव: दोन बांबू जोडून पाह्यले होते मी. बूड नाही लागलं. तवा ते तुले सांगून काय करू, पोरी? तू हातपाय झाडले असते.

मलिहा: ट्रॅक्टरचा आवाज येते. पुष्पांजली आली वाटते.

अनुपमा: आली बाप्पा, दोर घेऊन! मलिहा, तू अब्बाले काय सांगशील? त्यांची गाडी...

मलिहा: माहीत नाही. आत्ता काही विचारू नको.

अनुपमा: बरं. अन् ही मूठ काऊन आवळून धरली? बोटं पांढरी पडली तुही. उघड. पिन घुसली का?

मलिहा: पिन पडली तथंच.

अनुपमा: मंग काय हाय त्याच्यात?

मलिहा: वॉलचं टोपण. हरवलं का अब्बा लय बोलतात.