गुडघ्याचा पेशंट

दौंडच्या दवाखान्यात महेंद्र नंबर लावून बसला होता. समोरच्या बाकावर न्हावऱ्याच्या ताईबाई आणि त्यांचा कबड्डी खेळणारा लेक सुदर्शन. ताईबाईंचा आवाज असा, की कान द्यायची गरजच नव्हती.

"वरीसभर तुझा गुडघा चोळतीया मी. आन् आज म्हणतोस गुडघा न्हाईच?"

"आई, हळू."

"मग दुखतंय कुठं?"

"वर."

"वर म्हंजी? डोक्यात?"

"जांघंत. चढाईत पाय लांब टाकला की कळ येती."

"मग डॉक्टरला गुडघा कशापायी सांगितलास?"

"तू संगं असायचीस. शिवाय ती सिस्टर. लाज वाटायची."

"अरं, न्हाऊमाखू घातलंय तुला मी! पुढच्या महिन्यात जिल्ह्याची निवड हाय. आज बोट ठेवून दाखव."

"गुडघ्याचा पेशंट कोण?" सिस्टरनं हाक मारली.

"गुडघ्याचा न्हाई, जांघंचा!"

अख्खा बाक हसला. सुदर्शन कानापर्यंत लाल होऊन आत गेला, तो हसतच बाहेर आला.

"सापडलं, आई! डॉक्टरनं गुडघ्यांमधी त्यांची मूठ धरून पाय आवळायला लावलं. बरोब्बर तीच कळ आली. स्नायू दुखावलाय म्हणाले, व्यायामानं बरा हुईल."

"मूठ गुडघ्यातच धरली नव्हं? म्हंजी माझं तेल वाया न्हाई गेलं."

"बॉलिंगवाले महेंद्र कोण? कंबर ना तुमची?" सिस्टरनं पुढची हाक मारली.

महेंद्र उठला. ताईबाईंकडं बघून घुटमळला.

"कंबर न्हाई, सिस्टर. म्हंजी..."

"बोल बाबा, मोठ्यानं बोल," ताईबाई म्हणाल्या, "त्या कंबरेनं तुझं काय घोडं मारलंय?"